‘माझ्याविषयी’साठी एक फोटो

दिवसभर दुसऱ्यांना "हनुवटी जरा खाली, खांदे सैल, हां, आता हसा" असं फर्मावणाऱ्या माणसावर स्वतःच हनुवटी खाली घ्यायची वेळ आली की त्याची कशी तारांबळ उडते, हे बघायचं असेल तर आपल्या या फोटोवाल्याकडे बघावं. त्याच्या थोरल्या बहिणीने त्याच्या धंद्याची वेबसाइट करून ठेवल्याला सात महिने होत आले होते. लहान मुलांच्या फोटोंचं पान होतं, पत्ता होता, फोन नंबर होता. फक्त ‘माझ्याविषयी’ या पानावर एक राखाडी चौकोन होता आणि त्यात बिनचेहऱ्याचं एक डोकं.

"ते मुंडकं पाहून लोक पळून जातील रे," ताई फोनवर म्हणाली. "आपलं तान्हं पोर आपण कुणाच्या हातात देतोय, हे आईबापांना दिसायला नको?"

"काढतो ना."

"काढतो ना, काढतो ना! सोमवारी साइट सुरू करतेय मी. तोवर फोटो आला नाही, तर तुझा दुसरीतला टाकीन. पुढचे दोन दात पडलेला."

ताई बोलते ते करते, हे त्याला लहानपणापासून ठाऊक होतं. तेव्हा शनिवारी सकाळी बायको लायब्ररीत कामावर गेली आणि त्याने स्टुडिओ लावायला घेतला. स्टुडिओ कसला, घराचीच पुढची मोठी खोली. ताईला मागे काळंभोर हवं होतं, आणि कुठूनही उजेडाची झाक पडायला नको, म्हणून त्याने चारही भिंतींवर काळं कापड सोडलं, खिडकीवरही सोडलं आणि मधोमध ते लाकडी स्टूल ठेवलं.

आता स्वतःचा फोटो काढण्यात एक भलतीच अडचण असते. कॅमेरा नेमका कुठे रोखायचा, हे ठरवायला स्टुलावर कुणीतरी बसलेलं लागतं. आणि जो बसणार तोच कॅमेऱ्यामागे उभा. म्हणून त्याने आपल्या जागी मुंगीला बसवलं. मुंगी म्हणजे त्याची साडेतीन वर्षांची लेक. साखरेचा डबा कुठेही लपवा, ही बरोबर पोचायची, म्हणून मुंगी. तिची उंची बापाच्या चेहऱ्याशी जुळावी म्हणून तिच्याखाली चार जाडजूड पुस्तकं घातली.

"मी बाबा झाले," ती वरून म्हणाली.

"झालात ना? मग बाबांनी हलायचं नाही."

"बाबांना बिस्कीट पाहिजे."

"बाबांनी आत्ताच दोन खाल्ली."

तिला स्टुलावर बसायची सवय होती. ती जन्मल्यापासून दर महिन्याच्या पहिल्या रविवारी तो तिला याच स्टुलावर बसवून एक फोटो काढायचा आणि छापून जिन्याच्या भिंतीवर लावायचा. येणारी गिऱ्हाइकं ती रांग बघत उभी राहायची आणि म्हणायची, "डोळे काय सुंदर येतात हो तुमच्याकडे!" डोळे हीच त्याची खासियत होती. लेन्सभोवती बसणारा गोल फ्लॅश तो वापरायचा. त्याने मुलांच्या डोळ्यांत चमकदार कडं उमटतं, पण डोळ्याची बाहुलीही लाल येते. उजेड सरळ आत शिरतो, मागच्या रक्ताने भरलेल्या पडद्यावर आपटतो आणि लाल होऊन परत येतो. त्या लाल डोळ्यांना शिव्या घालत घालत त्याने पंधरा वर्षं काढली होती. प्रत्येक फोटोतले डोळे तो कॉम्प्युटरवर साफ करायचा, बाहुली काळी कुळकुळीत करायचा. हात इतका बसला होता की हे काम करताना तो क्रिकेटची कॉमेंट्री ऐकायचा.

त्याने बटण दाबलं. फोटो वायरीने थेट शेजारच्या मोठ्या स्क्रीनवर आला. नेम बरोबर आहे का, हे पाहायला त्याने मुंगीचे डोळे मोठे केले.

उजवी बाहुली लाल होती. डावी पांढरी होती.

"हात्तिच्या," तो म्हणाला. "पुन्हा तेच."

हो, पुन्हा! हे त्याने आधी पाहिलं होतं. गेले काही महिने तिच्या महिन्याच्या फोटोत डावा डोळा असाच फिकट यायचा. लाल डोळा साफ करायचं कॉम्प्युटरमधलं हत्यार त्यावर चालायचं नाही, कारण डोळा लालच नसायचा. मग तो चरफडत ती बाहुली हाताने काळी रंगवायचा. समोरच्या पांढऱ्या भिंतीची झाक पडते, अशी त्याने स्वतःची समजूत घातली होती. बायकोलाही एकदा म्हणाला होता, ती भिंत रंगवून घ्यायला हवी.

त्याने भिंतीकडे पाहिलं. भिंत नव्हती. समोर, डावीकडे, उजवीकडे, सगळीकडे आज काळं कापड होतं.

पण माणूस मोठा चिवट असतो, भीती दाराशी आली की तो आधी दुसऱ्याच कुणाला तरी पुढे करतो. याने लेन्सला पुढे केलं. लेन्स पुसली, पुन्हा फोटो काढला. डावी पांढरी. लेन्सच बदलली. डावी पांढरी. मग म्हणाला, फ्लॅशचं कडं एका बाजूने गेलं असणार. म्हणून त्याने अख्खा फ्लॅश उलटा फिरवून बसवला, म्हणजे डावी बाजू उजवीकडे. पांढरं मात्र जागचं हललं नाही.

"मुंगे, जरा खिडकीकडे बघ. आता दाराकडे. आता इकडे."

"बाबा, झालं?"

"झालंच बरं का, राणी. एकच."

एकच म्हणत त्याने अकरा फोटो काढले. अकराही वेळा तेच. लाल आणि पांढरा, लाल आणि पांढरा. शेवटचा एक आधार उरला होता: कॅमेराच बिघडला असेल. लाखाचा कॅमेरा बिघडावा म्हणून कुणी देवाला साकडं घातलं असेल, तर ते त्या दिवशी याने घातलं.

त्याने मुंगीला खाली उतरवलं, पुस्तकं काढली आणि स्वतः स्टुलावर बसला. रिमोट तिच्या हातात दिला.

"आता तू फोटोवाली. हे बटण दाबायचं."

"हनुवटी खाली," ती म्हणाली. "हसा."

तो हसला नाही. तो तिच्याकडेच बघत होता. तिने बटण दाबलं, कडं लखकन चमकलं आणि स्क्रीनवर त्याचा चेहरा आला. उठून तो जवळ गेला. त्याच्या दोन्ही बाहुल्या लाल होत्या. लालभडक, एकसारख्या. ज्या लाल रंगाला जन्मभर नावं ठेवली, तो असा दोन्ही डोळ्यांत नीट, निरोगी भरलेला होता. कॅमेऱ्यात काहीसुद्धा बिघाड नव्हता.

तो मटकन खाली बसला. मुंगीला वाटलं, हा नवा खेळ आहे. तीही त्याच्यासमोर बसली.

आणि मग त्याला आठवलं, बायको महिनाभर म्हणत होती, "अरे, ही सारखी डावीकडच्या दाराला कशी धडकते?" आणि हा म्हणाला होता, "बापावर गेलीय, वेंधळी." दोघंही हसले होते.

"मुंगे, एक गंमत करूया." त्याने तळहाताने तिचा डावा डोळा झाकला. "किती बोटं?"

"तीन!"

"शाब्बास." मग त्याने हात बदलला आणि तिचा उजवा डोळा झाकला. "आता किती?"

मुंगी गप्प झाली. तिने मान इकडे तिकडे फिरवली, दोन्ही हात पुढे करून हवेत चाचपडली.

"बाबा," ती म्हणाली, "लाईट लाव ना."

लाईट लागलेलेच होते. सगळे.

बायकोला फोन करताना त्याने काय सांगितलं, ते त्याला नंतर आठवेना. ती रिक्षा करून तशीच आली आणि दुपारच्या आत ते मुलांच्या डोळ्यांच्या दवाखान्यात होते. मुंगीच्या डोळ्यांत थेंब घातले, ती रडली, पुन्हा घातले, पुन्हा रडली. डॉक्टरीणबाईंनी कपाळाला दिवा बांधला आणि वाकून आत पाहिलं. बाई पोक्त होत्या, शांत होत्या. पण उजवा डोळा पाहायला त्यांना लागलं अर्धं मिनिट आणि डावा पाहायला लागली पाच मिनिटं. ती पाच मिनिटं फोटोवाल्याने त्यांच्या चेहऱ्यावरून नजर हलवली नाही. चेहरे वाचण्यावरच पोट होतं त्याचं. त्यांनी दिवा सोडायच्या आधीच त्याला कळून चुकलं.

"आत गाठ आहे," बाई म्हणाल्या. "किती मोठी, किती पसरलेली, ते सोमवारी भूल देऊन नीट पाहावं लागेल. हे पांढरं तुम्हाला पहिल्यांदा कधी दिसलं?"

"आजच," बायको म्हणाली. मुंगी तिच्या मांडीवर होती, पाय मात्र बापाच्या मांडीवर पसरलेले. "आजच दिसलं, डॉक्टर. आधी असतं तर कळलंच असतं. हा दर महिन्याला तिचा फोटो काढतो ना!" तिने घाईघाईने फोन काढला. "हे बघा. मागच्या महिन्याचा. हा त्याच्या आधीचा. बघा, डोळे किती स्वच्छ आहेत."

बाईंनी फोन हातात घेऊन एकेक फोटो निरखला. त्यांच्या कपाळाला आठी पडली.

"महिन्याभरापूर्वी एवढा स्वच्छ? म्हणजे महिन्यात इतकी वाढली? मग फारच वेगाने वाढतेय. मग मला वेगळा विचार करावा लागेल."

बोलायचं म्हणजे आत्ता, हे त्याला कळत होतं. भिंतीवर अक्षरांचा तक्ता होता, वरचं मोठं अक्षर, खालची बारीक होत गेलेली. तो त्या अक्षरांकडे बघत राहिला. गप्प राहिलं तर कुणालाच कळणार नव्हतं. मूळ फोटो त्याच्याच कपाटात होते आणि मन आतून सांगत होतं, गप्प बस, आता सांगून काय होणार आहे? असल्या वेळी मनाइतकं हलकट कुणी नसतं.

"तो डोळा खरा नाही," तो म्हणाला.

"म्हणजे?"

"मी रंगवलाय. डावा डोळा पांढरा यायचा. मला वाटलं, भिंतीची झाक आहे. मी तो काळा करायचो. दर महिन्याला."

मुंगी डोळे चोळत मुसमुसत होती.

"तू पाहिलं होतंस," बायको हळू म्हणाली.

"नाही गं, शप्पथ, मी पाहिलंच नाही, मी आपला..."

"रंगवायला पाहावं लागतं."

तिने मुंगीचे पाय त्याच्या मांडीवरून उचलले आणि आपल्याकडे घेतले. आवाज चढवला नाही, की रडली नाही. ती ओरडली असती तर बरं झालं असतं, असं त्याला वाटलं.

"मूळ फोटो आहेत का?" डॉक्टरीणबाईंनी विचारलं. "मग सगळे आणा. कधी सुरू झालं, ते मला कळायला हवं. सांगितलंत ते बरं केलंत."

घरी येऊन त्याने कपाटातली हार्ड डिस्क काढली. बायको शेजारच्या खुर्चीवर बसली, हाताची घडी घालून. त्याच्यावर विश्वास ठेवायला ती आता तयार नव्हती आणि त्यात तिचं काही चुकत नव्हतं. त्याने मागच्या महिन्याचा फोटो उघडला. त्याने केलेलं रंगकाम मूळ फोटोच्या वर, एका वेगळ्या थरात होतं. त्याने थर बंद केला आणि काळ्या, सुंदर, चमकदार बाहुलीच्या जागी पांढरी बाहुली उघडी पडली.

"त्याच्या आधीचा," बायको म्हणाली.

त्याने थर बंद केला. पांढरी.

"त्याच्या आधीचा."

हा फोटो त्याला चांगलाच आठवत होता. रंगवताना मॅच ऐन रंगात होती, शेवटचं षटक चालू होतं. थर बंद केला. पांढरी, थोडी लहान. त्याच्या आधीचा. अजून लहान. त्याच्या आधीच्या फोटोत बाहुलीच्या कडेला कापलेल्या नखाएवढी पांढरी कोर होती. तीदेखील त्याने नीट, काळजीपूर्वक भरून काढली होती. त्याच्याही आधीच्या फोटोत दोन्ही बाहुल्या लाल होत्या.

"पाच," बायको म्हणाली. "पाच महिने."

जिन्याच्या भिंतीवर ते पाचही फोटो फ्रेममध्ये लावलेले होते. येताजाताना दिसायचे. रविवारी त्याने ते खाली उतरवले तेव्हा भिंतीवर पाच फिकट चौकोन राहिले, आणि मुंगीने विचारलं, "मी कुठे गेले?" त्याने तिला उचलून छातीशी धरलं. तिच्या केसांना साबणाचा वास येत होता. पोरगी जाणार का, हा प्रश्न त्याच्या मनात तेव्हा पहिल्यांदा स्पष्ट शब्दांत उभा राहिला. तो पायरीवर बसला आणि मुंगी "सोड ना, दुखतंय" म्हणेपर्यंत तिला आवळून राहिला.

सोमवारी सकाळी तिला आत नेलं. दार बंद झालं. बाहेर बाकावर बायको एका टोकाला बसली आणि तो दुसऱ्या टोकाला, मध्ये मुंगीची चप्पल. दोन तासांनी डॉक्टरीणबाई आल्या.

"उजवा डोळा पूर्ण स्वच्छ आहे," त्या म्हणाल्या. "स्कॅनमध्ये गाठ डोळ्याच्या आतच दिसतेय. बाहेर पसरल्याचं आज तरी काही दिसत नाही. पण डावा डोळा ठेवता येणार नाही. गुरुवारी काढूया. काढून तपासला की मगच मी पुढचं नक्की सांगेन, आज वचन देत नाही."

बायकोने डोळे मिटून मान हलवली.

"पाच महिन्यांपूर्वी आणलं असतं तर?" त्याने विचारलं.

बाई खोटं बोलणाऱ्यांतल्या नव्हत्या. "डोळा वाचला असता कदाचित," त्या म्हणाल्या. मग जरा थांबून म्हणाल्या, "आणि अजून पाच महिने रंगवत राहिला असतात, तर आपण कदाचित डोळ्याबद्दल बोलतच नसतो."

थोड्या वेळाने मुंगीला आणून आईच्या मांडीवर दिलं. भूल अजून उतरायची होती. ती अर्धवट झोपेत ओठ हलवत होती. तेवढ्यात त्याचा फोन वाजला, ताईचा. तिला शनिवारीच सगळं कळलं होतं.

"काय म्हणाले?" तिने विचारलं. त्याने सांगितलं. ती बराच वेळ नुसती हुंदके देत राहिली. मग नाक ओढत म्हणाली, "मी ती साइट थांबवते हां. मरू दे ती साइट. तू त्याचा विचारसुद्धा करू नकोस."

"थांबवू नकोस," तो म्हणाला. "फोटो आहे. पाठवतो."

शनिवारी मुंगीने काढलेला फोटो त्याच्या फोनमध्ये होता. त्याने तो पाठवला.

"अरे," ताई हलकेच म्हणाली, "हा कसा टाकू? किती घाबरलेला दिसतोस तू यात. आणि डोळे बघ, लालभडक आलेत. निदान तेवढे तरी काळे करते ना मी."

"नाही." त्याचा आवाज इतका चढला की समोरून जाणारी नर्स वळून बघायला लागली. त्याने तो खाली आणला. "ताई, बाकी काय करायचं ते कर. डोळ्यांना हात लावायचा नाही."

"बरं बाबा, नाही लावत. आणि खाली काय लिहू? ‘माझ्याविषयी’मध्ये?"

बाकावर मुंगीची चप्पल होती, तिच्या एका बक्कलला बिस्किटाचा चुरा चिकटला होता. तो त्याने नखाने काढला.

"लिही," तो म्हणाला, "की इथे डोळे साफ करून मिळत नाहीत."

त्याने फोन ठेवला. बायको त्याच्याकडे बघत होती, शनिवारनंतर पहिल्यांदाच. तिने मधली चप्पल उचलून खाली ठेवली, थोडी सरकली आणि मुंगीचे दोन्ही पाय त्याच्या मांडीवर ठेवले. पाय गार पडले होते. गुरुवारला अजून तीन दिवस होते, आणि तो ते पाय दोन्ही हातांनी चोळत बसला.